प्रसूतिगृहाच्या साइड लॅबमध्ये नवीन आहात? जिवाणू संसर्गाच्या रॅपिड टेस्ट अशा लावा

ठाणे-नवी मुंबईत घोडबंदर रोड, वर्तकनगर, ऐरोली, कोपरखैरणे, कुठेही जा, दहा-पंधरा खाटांची प्रसूतिगृहं भरपूर. तिथली लॅब म्हणजे बहुतेक ठिकाणी ओपीडीच्या मागची चिंचोळी खोली. मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, इंजेक्शनांच्या शेजारी किट कोंबलेला फ्रिज आणि एक बेसिन. कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, इथे होत नाही, ते बाहेरच्या मोठ्या लॅबला जातं. तिथला मुलगा दुपारी आणि रात्री येऊन सॅम्पल उचलतो, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की तासभर तिथेच जातो, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन-तीन दिवस उलटतात. पेशंट मात्र आत्ता समोर बसलेली असते. सातवा महिना आणि लघवीला जळजळ, नाहीतर बाळंतपणाला तीन दिवस झालेत आणि थंडी वाजून ताप. तेवढ्या मधल्या काळात डॉक्टरांना काहीतरी आधार हवा असतो. रॅपिड टेस्ट त्यासाठी.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून पहिल्यांदाच कामाला लागलेल्यांसाठी आणि लेबर रूमला नव्याने आलेल्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. कोणती टेस्ट करायची आणि औषध कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. सॅम्पल नीट घेणं, वेळेत लावणं, वेळेत वाचणं आणि दिसलं तेवढंच लिहिणं हे आपलं काम. माझं मत आधीच सांगून टाकते : रॅपिड टेस्टचा पॉझिटिव्ह बऱ्याचदा कामाला येतो, निगेटिव्हवर मात्र पटकन विसंबायचं नाही. पुढे जवळजवळ प्रत्येक टेस्टमध्ये हे दिसेल.

पहिली पायरी : टेस्ट कशासाठी, ते विचारा

कागदावर नुसतं 'इन्फेक्शन चेक' लिहून आलं असेल तर आत जाऊन विचारा. संकोच करू नका. मॅडम रागावल्या तरी एकदाच रागावतील. काहीच त्रास नसलेली गरोदर बाई नेहमीच्या तपासणीला आली आहे, की अंगावरून पांढरं जातंय म्हणून आली आहे, की पाणी गेलंय आणि ताप आहे? या तिघींची टेस्ट वेगळी, सॅम्पल घेण्याची जागा वेगळी आणि घाईही वेगळी.

मग पेशंटला चार गोष्टी विचारायच्या. अँटिबायोटिकची गोळी सुरू आहे का? आतून ठेवायची गोळी किंवा क्रीम सुरू आहे का? अंगावरून रक्त जातंय का? काल-परवा संबंध आला होता का? शेवटचा प्रश्न सासूबाईंसमोर विचारलात तर उत्तर हमखास 'नाही' येणार. पडद्यामागे, एकटीला, हळू आवाजात विचारा : "ताई, तपासणी चुकू नये म्हणून विचारतेय." बहुतेक जणी सांगतात. वीर्य आणि रक्त दोन्हींमुळे योनीमार्गातला पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) वाढतो आणि तपासणी फसते, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही.

लघवी : सगळ्यात साधी दिसणारी, सगळ्यात जास्त बिघडणारी

गरोदरपणात लघवीत जिवाणू असूनही काहीच त्रास होत नाही, असं बऱ्याच जणींच्या बाबतीत घडतं. उपचार झाले नाहीत तर तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याची भीती असते, शिवाय दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याशीही त्याचा संबंध सांगितला जातो. म्हणून पहिल्या भेटीत लघवी बघतात.

सॅम्पल कसं द्यायचं हे बाईला तोंडी सांगा, डबी हातात कोंबून पाठवू नका. आधी साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं. पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, उरलेली पुन्हा सोडायची. डबीच्या आत बोट घालायचं नाही, झाकण आतली बाजू खाली करून टेकवायचं नाही. एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. न सांगितल्यास काय होतं ते मायक्रोस्कोपखाली दिसतं : त्वचेच्या चपट्या पेशींचा खच, त्यात पांढऱ्या पेशी, आणि लघवीचा म्हणून योनीमार्गातला स्राव तपासून आपण मोकळे.

दिवा-मुंब्र्याहून येणाऱ्या बायका पुष्कळदा सकाळची लघवी घरूनच आणतात, तीही कधी धुतलेल्या औषधाच्या बाटलीत. घरून रिक्षा, मग लोकल, मग इथली रांग. ठाण्याच्या उकाड्यात एवढ्या वेळात जिवाणू कित्येक पटींनी वाढलेले असतात. बाहेर ठेवलेलं सॅम्पल दोन तासांच्या आत लावायचं. ते जमणार नसेल तर लगेच २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये, आणि तिथेही २४ तासांच्या पुढे नाही. घरची बाटली आली तर न रागावता नवी डबी द्या आणि पुन्हा घ्यायला लावा.

आता स्ट्रिप, म्हणजे रंग बदलणाऱ्या चौकोनांची पट्टी. लघवीत बुडवायची, लगेच काढायची, कड टिश्यूवर टेकवून जादा लघवी निथळायची आणि आडवी धरायची. उभी धरली तर एका चौकोनाचं रसायन शेजारच्या चौकोनावर ओघळतं. घड्याळ लावा. बहुतेक स्ट्रिपवर नायट्राइट (जिवाणूंची खूण) ६० सेकंदांनी आणि ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशींची खूण) २ मिनिटांनी वाचतात, पण तुमच्या बाटलीवर काय छापलंय तेच खरं. पाच मिनिटांनी आठवण झाली आणि रंग दिसला तर तो रंग धरायचा नाही, नवी स्ट्रिप घ्यायची.

पावसाळ्यात एक वेगळीच पंचाईत होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर नायट्राइटचा चौकोन लघवी न लागताच गुलाबी होऊ शकतो. एक स्ट्रिप काढली की झाकण घट्ट लावायचं. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकून द्यायची नाही. बाटली उघडल्याची तारीख मार्करने वर लिहायची. स्ट्रिपची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खिडकीतल्या उन्हातही नाही.

वाचताना हे लक्षात ठेवा. नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर जिवाणू असण्याची शक्यता चांगलीच, बहुधा ई. कोलायसारखे. निगेटिव्ह आलं तर काहीच ठरत नाही. जिवाणूंमुळे लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट व्हायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते, आणि आठव्या महिन्यातली बाई तासा-तासाला उठत असते. शिवाय एन्टेरोकॉकस आणि जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस) हे जिवाणू नायट्राइट करतच नाहीत. व्हिटॅमिन सीची गोळी सुरू असेल तरी उत्तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. ल्युकोसाइटचं उलट : नुसत्या पांढऱ्या स्रावाची भेसळ झाली तरी तो पॉझिटिव्ह येतो.

म्हणून त्रास नसलेल्या गरोदर बाईसाठी स्ट्रिप कल्चरची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात मधल्या धारेच्या लघवीचं कल्चर पहिलं आहे, आणि ते शक्य नसेल तिथे स्ट्रिपच्या आधी ग्राम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. मायक्रोस्कोप आहे, स्टेन आहे, आणि स्टेन तरी कुठला, हान्स क्रिस्चियन ग्राम यांनी १८८४ मध्ये दिलेला. न फिरवलेल्या, म्हणजे सेंट्रिफ्यूज न केलेल्या लघवीचा एक थेंब स्लाइडवर वाळवा, आचेवर हलकेच धरून पक्का करा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, मग डीकलरायझर काही सेकंदच, निळा रंग ओघळायचा थांबला की लगेच पाणी. शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. ऑइल इमर्शनखाली दर फील्डमागे सरासरी एक किंवा जास्त जिवाणू दिसले तर मिलिलिटरमागे साधारण एक लाख जिवाणू समजतात, कल्चरवाले पॉझिटिव्ह म्हणतात तोच आकडा. पंधरा मिनिटांत होतं. डीकलरायझर जास्त वेळ राहिला तर निळे जिवाणूही लाल दिसतील, हात बसेपर्यंत सोबत एक माहीत असलेली स्लाइड लावा.

एक गोष्ट जाता जाता. लघवीच्या कल्चरमध्ये जीबीएस आलं तर आकडा कमी असला तरी तो रिपोर्ट 'किरकोळ' म्हणून फाइलमध्ये दाबायचा नाही. बाळंतपणाच्या वेळी लेबर रूमला तो माहीत असावा लागतो. केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.

पांढरं जाणं : चार खुणा, एक स्लाइड

'अंगावरून जातंय' म्हणणाऱ्या प्रत्येकीला संसर्ग नसतो. गरोदरपणात स्राव वाढतोच. खाज, वास, रंग बदलणं, जळजळ असेल तर तपासायचं. इथे महागडं किट लागत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी, म्हणजे योनीमार्गातल्या जिवाणूंचा तोल बिघडतो त्यासाठी, १९८३ पासून वापरात असलेल्या ॲम्सेल यांच्या चार खुणा आहेत, चारातल्या तीन मिळाल्या की निदान धरतात : पातळ, एकसारखा, भिंतीला चिकटलेला स्राव. पीएच ४.५ च्या वर. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकल्यावर माशासारखा वास. आणि मायक्रोस्कोपखाली क्लू सेल, म्हणजे जिवाणूंनी माखलेली पेशी.

सॅम्पल डॉक्टर किंवा सिस्टर घेतात, पण लॅबवाल्याने ट्रे लावताना दोन गोष्टी बघाव्यात. स्पेक्युलमला जेली लावायची नाही, कोमट पाण्याने किंवा सलाइनने ओला करायचा. आणि स्वॅब योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा. मागे साठलेल्या पाण्यातून किंवा गर्भाशयमुखाजवळून घेतला तर तिथल्या चिकट स्रावाने पीएच उगाच वाढलेला दिसतो. स्वॅब थेट पीएच पेपरवर टेकवा, सलाइनमध्ये बुडवण्याआधी. नाहीतर तुम्ही सलाइनचा पीएच मोजाल. पेपरही बारीक फरक दाखवणारा हवा. १ ते १४ वाला जाडाभरडा पेपर इथे निरुपयोगी, त्यावर ४ आणि ५ मधला फरक कळत नाही.

एकाच स्लाइडवर दोन थेंब. डावीकडे सलाइन, उजवीकडे १० टक्के केओएच. स्वॅब आधी सलाइनमध्ये फिरवा, मग केओएचमध्ये. उलट केलंत तर केओएच सलाइनमध्ये येईल आणि पेशी विरघळतील. केओएचचा थेंब पडताक्षणी वास येतो, स्लाइड नाकाला लावायची गरज नाही, हाताने हवा आपल्याकडे ढकलली तरी कळतं.

आता सलाइनकडे बघा. आधी १० च्या लेन्सने, मग ४० ने, कंडेन्सर थोडा खाली घेऊन आणि प्रकाश कमी करून. निरोगी पेशी पातळ, कोनदार, कड अगदी स्वच्छ रेघेसारखी, आत छोटं केंद्रक. क्लू सेल दिसली की नजर तिथेच अडते : कड हरवलेली, रव्यात घोळलेल्या बोंबलाच्या तुकडीसारखी चहूबाजूंनी कणीदार. कण फक्त मधोमध असतील आणि कड साफ दिसत असेल तर ती क्लू सेल नाही. नवीन मुलं इथे फसतात. पाचांतली एक तरी पेशी, म्हणजे २० टक्के किंवा जास्त, अशी दिसली तर ही खूण मोजायची. सोबत सडपातळ दांड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे योनीमार्गातले नेहमीचे चांगले जिवाणू, फारसे दिसत नसतील तर चित्र आणखी जुळतं.

हे सगळं दहा मिनिटांत उरका. कारण त्याच थेंबात ट्रायकोमोनास असेल तर तो हलतो म्हणूनच ओळखू येतो. एसीच्या गार हवेत स्लाइड पडून राहिली की तो थांबतो आणि मग पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो. ट्रायकोमोनास जिवाणू नव्हे, परजीवी आहे. आणि केओएचच्या बाजूला दिसणारे कँडिडाचे धागे म्हणजे बुरशी, तिथे पीएच बहुधा नॉर्मलच असतो. पण पेशंटची तक्रार तिन्हींत सारखीच असते, म्हणून एकाच बैठकीत तिन्ही बघून घ्यायचं. ट्रायकोमोनास दिसला नाही म्हणजे नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. सलाइनच्या स्लाइडवर तो बराच निसटतो.

ज्यांच्याकडे रोज ग्राम स्टेन होतो त्यांनी १९९१ चा न्यूजंट स्कोअर, म्हणजे स्लाइडवरच्या जिवाणूंना गुण देण्याची पद्धत, शिकून घ्यावा. ० ते ३ नॉर्मल, ४ ते ६ मधलं, ७ ते १० व्हजायनोसिस. स्लाइड जपून ठेवता येते, दुसऱ्याला दाखवता येते, हा त्याचा मोठा फायदा.

एका गोष्टीवर मी भांडते. पांढरं जातंय म्हटलं की 'हाय व्हजायनल स्वॅब, कल्चर' पाठवायची सवय. चार दिवसांनी रिपोर्ट येतो, 'ई. कोलाय आढळला', आणि बाईला जोरदार अँटिबायोटिक सुरू होतं. योनीमार्गात जिवाणू असतातच. व्हजायनोसिसशी जोडला जाणारा गार्डनरेला जिवाणूसुद्धा पुष्कळ निरोगी बायकांमध्ये सापडतो, म्हणून व्हजायनोसिसचं निदान कल्चरने करत नाहीत. समोरची दहा मिनिटांची स्लाइड त्या चार दिवसांच्या कागदापेक्षा जास्त सांगते.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया

थोडक्यात : बाजारात क्लॅमिडियाची अँटिजेन कार्डं मिळतात, त्यांच्या निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका, बरेच रुग्ण त्यातून सुटतात. भरवशाची तपासणी म्हणजे जनुकीय, पीसीआर प्रकारची. कार्ट्रिजवर चालणारं मशीन असेल तर सुमारे दीड तासात उत्तर मिळतं, नसेल तर सॅम्पल बाहेर पाठवा. योनीमार्गातला स्वॅब चालतो, तो बाईने स्वतः घेतला तरी चालतो. लघवी द्यायची असेल तर इथे नियम उलटा : पहिली धार हवी, आणि आधी तासभर तरी लघवी केलेली नको, धुवायचंही नाही. लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब नको, किटसोबत आलेलाच वापरा. पॉझिटिव्ह आलं तर नवऱ्याचेही उपचार लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या ओपीडीत) दोघांनाही पाठवता येतं.

सिफिलिसचं कार्ड

सिफिलिस जिवाणूमुळेच होतो आणि आईकडून पोटातल्या बाळाला जातो, म्हणून प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच कार्डावर बघणारी किटंही आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते.

बोटाला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा, कार्डावर टाकायचा, वर बफर, आणि किटवर लिहिल्याप्रमाणे १५-२० मिनिटांनी वाचायचं. सोपं आहे. गडबड होते ती गर्दीत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी टेबलावर कार्डांची रांग लागते. रक्त टाकल्यावर नाव लिहू म्हणत कार्डं सरकवलीत की कुठलं कार्ड कुणाचं ते देवालाच ठाऊक. आधी कार्डावर नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहा, मग बोट टोचा. एका वेळी वाचता येतील तेवढीच कार्डं लावा.

कंट्रोलची रेघ आली नाही तर टेस्ट बाद, खालची रेघ कितीही ठळक असली तरी. टेस्टची रेघ फिकट आली तरी रेघ ती रेघ, ती पॉझिटिव्ह. पण या कार्डाचा पॉझिटिव्ह 'आता आजार आहे' एवढंच सांगत नाही. पूर्वी होऊन उपचार झालेला असला तरी बहुतेकांत ते आयुष्यभर पॉझिटिव्ह येतं. म्हणून सोबत आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही सिफिलिसची दुसरी रक्ततपासणी आणि तिचं टायटर (रक्त किती पातळ केलं तरी पॉझिटिव्ह येतं तो आकडा) लागतं. आरपीआर हाताने करत असाल तर ८ मिनिटं, मिनिटाला १०० फेऱ्यांनी रोटेटरवर, आणि उतरवल्याबरोबर वाचायचं. रीएजंट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. कडक एसीत, २३ अंशांच्या खाली, प्रतिक्रिया मंद होते. लक्षणं स्पष्ट असून आरपीआर निगेटिव्ह आलं तर सीरम पातळ करून पुन्हा लावा. अँटिबॉडी फार जास्त असल्या की गुठळ्या दिसतच नाहीत.

कार्ड पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर त्याच दिवशी उपचार सुरू करू शकतात, कारण बाळ वाचवायचं असेल तर प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी पेनिसिलिन मिळायला हवं. बाई उद्या येते म्हणून गेली आणि गावी गेली, असं होतं. रिपोर्ट बंद पाकिटात डॉक्टरांच्या हातात द्या. वेटिंगमध्ये नाव घेऊन 'सिफिलिसवाल्या ताई' असं कुणी ओरडलेलं चालणार नाही, मावशींनाही हे समजावून ठेवा.

जीबीएसचा स्वॅब

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आईला सहसा काही करत नाही, नवजात बाळाला मात्र पहिल्या आठवड्यात जिवावरचं आजारपण देऊ शकतो. अमेरिकेत सगळ्या गरोदर बायकांचा स्वॅब ३६ ते ३७ आठवड्यांत घेतात, ब्रिटनमध्ये सरसकट घेत नाहीत, आपल्याकडेही सरसकट होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यायचा.

स्पेक्युलम नको. आधी योनीच्या खालच्या भागातून, मग तोच स्वॅब गुदद्वाराच्या आत, स्नायूच्या कडीच्या पलीकडे. सिस्टर लाजून हा दुसरा भाग गाळतात आणि जिवाणू निसटतो. बाईला आधी समजावून सांगितलं तर ती नाही म्हणत नाही. स्वॅब एमीजसारख्या ट्रान्सपोर्ट माध्यमात घाला आणि फॉर्मवर 'जीबीएससाठी' असं ठळक लिहा, कारण मोठ्या लॅबला तो आधी खास ब्रॉथमध्ये वाढवावा लागतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही फॉर्मवर हवं, मग लॅब दुसऱ्या औषधांची चाचणी लावते.

कळा सुरू झाल्यावर करायची पीसीआर टेस्ट तासाभरात उत्तर देते. ती ब्रॉथशिवाय होते, त्यामुळे थोडी कमी पकडते, आणि कुठलं औषध लागू पडेल ते सांगत नाही. शिवाय अँटिबायोटिक प्रसूतीच्या किमान चार तास आधी गेलं तर पुरेसं मानतात. दुसरटकरीण घाईच्या कळा घेऊन आली असेल तर टेस्टच्या नादात तो वेळ जाऊ देऊ नका, निर्णय लगेच डॉक्टरांवर सोपवा.

पाणी गेलं, ताप आला, बाळंतीण थरथरतेय

इथे रॅपिड टेस्टची वाट बघत बसणं धोक्याचं. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर ताप १००.४ च्या वर, नाडी जोरात, धाप, घाण वासाचा स्राव, पोटात असह्य दुखणं किंवा बाई असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काही दिसलं की आधी डॉक्टरांना हाक मारा, मग ट्यूब उचला. व्हिएन्नामध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले तेव्हा बाळंतरोगाचे मृत्यू धाडकन उतरले. आजही लेबर रूमच्या बेसिनजवळ उभं राहिलं की त्या माणसाची आठवण येण्यासारखी परिस्थिती असते.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी, पण त्यासाठी अँटिबायोटिक ताटकळत ठेवायचं नाही. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने त्वचा ३० सेकंद घासा आणि पूर्ण वाळू द्या, फुंकर मारून वाळवू नका. बाटलीचं रबर अल्कोहोलने पुसा. मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, दोन वेगवेगळ्या जागांवरून. रक्त कमी घेतलं तर जिवाणू सापडत नाहीत, इतकं साधं आहे. ब्लड कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लघवीची सवय असल्यामुळे हात तिकडेच जातो, म्हणून बाटल्यांच्या खोक्यावर तसं लिहून चिकटवा.

पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (सूज-संसर्गात वाढणारं रक्तातलं प्रथिन) यांचा अर्थ बाळंतिणीत जपून लावावा लागतो. गरोदरपणात पांढऱ्या पेशी १५ हजारांपर्यंत असू शकतात, कळांच्या वेळी त्याहूनही वर जातात. सिझेरियननंतर सीआरपी संसर्ग नसतानाही वाढतो. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) तर गरोदरपणात मोजूच नये इतका निरर्थक. रिपोर्टवर 'हाय' छापून येईल, त्यावर आपण नातेवाइकांना काही बोलायचं नाही. लॅक्टेट सांगितलं असेल तर राखाडी झाकणाची ट्यूब, बर्फावर, लगेच.

घशासाठीचं स्ट्रेपचं रॅपिड कार्ड योनीच्या स्वॅबवर लावून बघू, असं कुणी सुचवलं तर किटमधला कागद उघडून दाखवा. ते कार्ड घशाच्या स्वॅबसाठी तपासलेलं आहे. दुसऱ्या जागेवर त्याचं निगेटिव्ह काय किमतीचं, हे किट बनवणाराही सांगत नाही.

पाणी गेलं का हे बघायचा नायट्राझिन पेपर निळा झाला की पाणी गेलं असं मानतात. पण व्हजायनोसिस, रक्त आणि वीर्य यांनीही तो निळा होतो. पीएचची गोष्ट पुन्हा तीच. अशा वेळी स्लाइड वाळवून नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते का ते बघा, आणि वारंवार हाताने आतली तपासणी होऊ देऊ नका, त्याने संसर्ग वर चढतो.

रजिस्टर, रिपोर्ट, कचरा

किटचा बॅच क्रमांक, एक्स्पायरी, सॅम्पल घेतल्याची आणि वाचल्याची वेळ, कंट्रोल आला की नाही, हे रजिस्टरमध्ये रोज. नवं खोकं उघडलं की माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह आधी लावा. रिपोर्टमध्ये 'इन्फेक्शन नाही' हे शब्द कधीच नकोत. 'नायट्राइट निगेटिव्ह, ल्युकोसाइट १+, कल्चर पाठवले, सॅम्पल वेळ १०.४०', बस.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांनी ठरलेले आहेत : वापरलेले स्वॅब आणि कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि लघवीच्या प्लास्टिक डब्या लाल पिशवीत, सुया आणि लॅन्सेट पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या स्लाइड निळ्या खोक्यात. लॅन्सेट कार्डासोबत टेबलावर पडू देऊ नका, सकाळी टेबल पुसणाऱ्या मावशींच्या हाताला लागते.

शिफ्ट संपताना बाकी राहिलेल्या कल्चरची यादी पुढच्या माणसाला वाचून दाखवा आणि सही घ्या. शनिवारी पेशंट घरी जाते, रविवारी रिपोर्ट येतो, आणि सोमवारी कुणाला आठवत नाही, हे टाळायचं असेल तर डिस्चार्जच्या कागदावर लॅबचा नंबर आणि रजिस्टरमध्ये तिचा नंबर हवा. तिने दिलेला नंबर नवऱ्याचा आहे की तिचा, हे विचारून लिहा, आणि ती समोर असतानाच एक मिस्ड कॉल देऊन फोन वाजतो का ते बघा.